माणसाला पाठीवर घेऊन उडेल असा गरुड केवढा असायला हवा?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कादंबरीत सोळा वर्षांची मुलगी आहे, वजन ५० किलो, ती ५ मीटर पंखांच्या गरुडावर बसून रात्री राजगडावरून निसटते आणि तोरण्यावर उतरते. हे पटेल का, गरुडाऐवजी चार पायांचा ड्रॅगन किंवा पंखवाला घोडा घेतला तर जास्त पटेल का, आणि तिला बसवायचं कुठे, मानेवर की पाठीवर, असं विचारलंय. मी कामशेतला बरीच वर्षं टॅन्डम पॅराग्लायडिंग (एकाच कापडी पंखाखाली, म्हणजे विंगखाली, पायलट आणि पॅसेंजर दोघं) करतोय, शिकवतोही. रोजचं कामच हे, की समोर एक नवीन पॅसेंजर, त्याचं वजन, आजचा वारा आणि दोघांना उचलेल अशी विंग, तर तुमच्या गरुडाकडे मी त्याच नजरेने बघणार.

आधी सरळ उत्तर. ५ मीटरचा गरुड चालणार नाही. १० मीटर पंखांचा, दीडशे किलोच्या आसपासचा प्राणी चालेल, तोही कड्यावरून वाऱ्यात सुटला तर. आणि लिहिणारे बहुतेक सगळे जिथे जोर लावतात ना, की एवढं वजन हवेत राहील कसं, ते खरं तर त्यातल्या त्यात सोपं आहे. जमीन सोडणं आणि जमिनीवर परत येणं, खरा घोळ तिथे आहे.

५ मीटरचा का नाही ते बघा. सोनेरी गरुड घ्या, पंख टोकापासून टोकापर्यंत २ मीटर, वजन साडेचार किलो धरू, पंखांचं क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस मीटर. आता त्याला अडीचपट मोठा केला की पंख ५ मीटर होतात, क्षेत्रफळ सव्वासहापट म्हणजे पावणेचार-चार चौरस मीटर, पण वजन मात्र साडेपंधरापट, म्हणजे ७० किलो. लांबी वाढली की क्षेत्रफळ वर्गाने आणि वजन घनाने वाढतं, मोठ्या प्राण्यांच्या हाडांबद्दल गॅलिलिओने हे १६३८ मध्येच लिहून ठेवलंय आणि त्यातून आजवर कोणी सुटलेलं नाही. आम्ही याला विंग लोडिंग म्हणतो, पंखाच्या एका चौरस मीटरवर किती किलो आले ते. खऱ्या गरुडाचं साडेसात, तुमच्या गरुडाचं १८, आणि त्यावर मुलगी, कपडे, दोर-बिर मिळून ५५ किलो टाकले की ३१. याचा सरळ परिणाम वेगावर होतो, कारण लोडिंग जितकं जास्त तितका हवेत टिकायला लागणारा किमान वेग जास्त, त्याच्या खाली गेलात की स्टॉल, म्हणजे पंख उचलून धरायचं थांबतो आणि तुम्ही पडता. पंखातून निघेल तेवढी सगळी लिफ्ट, म्हणजे उचल, काढली असं धरून मी सह्याद्रीच्या उंचीवरच्या हवेत हिशोब केला, तर खरा गरुड ताशी ३४ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकतो, तुमचा रिकामा गरुड ५३ आणि मुलगी बसल्यावर ६९. म्हणजे टेकऑफला ६९ गाठायचे आणि लँडिंगला ६९ ने दोन पायांवर उतरायचं. उसेन बोल्टचा सगळ्यात जास्त वेग ४४ च्या आसपास होता. एवढ्या वेगात पाय टेकले तर पाय मोडतील, गरुडाचेही आणि मुलीचेही.

आता जे खरंच होऊन गेलेत ते पक्षी बघा, कारण निसर्गाने हा प्रयोग आधीच केलेला आहे. आज उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात जड म्हणजे माळढोकाचे भाऊबंद, आफ्रिकेतला कोरी बस्टर्ड आणि युरोप-आशियातला ग्रेट बस्टर्ड, मोठे नर १८ किलोच्या घरात जातात. नान्नजच्या माळावर एकेकाळी दिसणारा आपला माळढोक १५ किलोपर्यंत. त्यांनाही उठायला पळावं लागतं, जड जड पंख मारावे लागतात. जुन्या काळात मात्र अर्जेंटाव्हिस नावाचा पक्षी होता, अर्जेंटिनात, ६० लाख वर्षांपूर्वी, वजन साधारण ७० किलो आणि पंख ७ मीटरच्या आसपास. वजन तुमच्या ५ मीटरच्या गरुडाएवढंच, पण पंखांचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर, म्हणजे दुप्पट. निसर्गाने नुसता गरुड मोठा नाही केला, पंख जास्तीचा दिला. शंकर चटर्जी या भारतीय वंशाच्या जीवाश्म अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याच्या उड्डाणाचा हिशोब मांडला, तर निघालं असं की नुसते पंख मारून सपाट उडत राहण्याएवढी ताकद त्याच्या स्नायूंत नव्हतीच. तो उतारावरून पळत सुटायचा, थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, पकडायचा आणि तरंगत राहायचा. म्हणजे आम्ही करतो तेच. मला हा पक्षी फार आवडतो कारण तो अगदी पॅराग्लायडर पायलटसारखा जगत असणार, सकाळी ऊन तापायची वाट बघत बसायचं आणि वारा बरोबर आला की उतारावरून धावायचं.

गंमत म्हणजे तुमची मुलगी अर्जेंटाव्हिसवर बसवली तर १२५ किलो भागिले ८, लोडिंग साडेपंधरा, किमान वेग ताशी ४९. कड्यावर समोरून २५ चा वारा असेल तर जमिनीच्या मानाने फक्त २४ उरतात. कागदावर तरी हे कड्यावरून सुटू शकतं! पण वर चढू शकणार नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या ७८ टक्के ओझं घेऊन उतरताना काय होईल ते मला बघवणार नाही.

ताकदीचा हिशोब सांगतो, हा लिहिणाऱ्यांनी शिकून ठेवावा इतका सोपा आहे. ग्लायडर शांत हवेत सेकंदाला जेवढा खाली येतो त्याला सिंक रेट म्हणतात. टॅन्डमवर आम्ही दोघं आणि सामान मिळून १८० किलो, सिंक साधारण १.२ मीटर. खाली न येता सपाट उडायचं तर तेवढं वजन सेकंदाला तेवढंच वर उचलत राहायला हवं, १८० गुणिले ९.८ गुणिले १.२, म्हणजे २१०० वॅट, जवळपास तीन हॉर्सपॉवर. आता माझा सुचवलेला प्राणी घ्या. पंख १० मीटर, क्षेत्रफळ १८ चौरस मीटर, वजन १५०, वर ५५, एकूण २०५ किलो. लोडिंग साडेअकरा, किमान वेग ४२. एवढ्या लांब पंखांचा सिंक ०.९ मीटर धरला तर सपाट उडायला लागतात १८०० वॅट. अंगातला पाचवा भाग उडायचे स्नायू धरले तर ३० किलो, म्हणजे किलोमागे ६० वॅट. हे मोठ्या, हळू पंख मारणाऱ्या प्राण्याला थोडा वेळ जमेल असा माझा अंदाज आहे, तासभर नाही जमणार. प्राणी मोठा झाला की पंख मारण्याचा वेग कमी होतो आणि स्नायूच्या दर किलोमागे मिळणारी ताकद उतरते, म्हणून चिमणी जे करते ते गिधाड करत नाही. आणि हे झालं फक्त खाली न येण्याचं. सेकंदाला १ मीटर वर चढायचं म्हटलं की आणखी २००० वॅट, ते त्याच्याकडे नाहीत. म्हणून चढायचं काम हवेने करायला हवं. कामशेतला मार्च-एप्रिलच्या दुपारी २-३ मीटरचं थर्मल सहज मिळतं, त्यात घारी गोल गोल फिरत फुकटात हजार मीटर वर जातात आणि आम्ही त्यांच्या मागे. तुमच्या प्राण्यालाही हेच करू द्या.

पंख मोठा आणि वेग कमी केला की किती थोडक्या ताकदीत भागतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पॉल मॅक्रेडीचं गॉसमर अल्बट्रॉस. जून १९७९ मध्ये ब्रायन ॲलन नावाच्या सायकलपटूने ते पेडल मारत इंग्लिश खाडी पार केली, रिकामं विमान ३२ किलोचं आणि पंख जवळजवळ ३० मीटर. माणसाच्या पायातल्या पाव-एक किलोवॅटवर माणूस उडाला! हाच मॅक्रेडी आधी ग्लायडिंगचा जगज्जेता होता, दोन थर्मलमध्ये किती वेगाने जावं याचं त्याचं गणित आम्ही आजही व्हेरिओमध्ये, म्हणजे चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्रात, सेट करतो. पुढे त्याने क्वेट्झलकोॲटलस या प्रचंड टेरोसॉरची, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याची, अर्ध्या आकाराची, पंख मारणारी उडती प्रतिकृतीही केली, ती उडाली, पण १९८६ मध्ये लोकांसमोरच्या प्रात्यक्षिकात पडली. शेपटी नसलेला उडणारा प्राणी स्थिर ठेवणं किती नाजूक काम आहे ते त्यातून कळतं, आणि तुम्ही तर त्यावर हलणारं, घाबरणारं ५५ किलोचं माणूस ठेवताय.

क्वेट्झलकोॲटलसचं नाव निघालंच आहे तर, मी तुमच्या जागी असतो तर पक्षी सोडून याच्या वळणावरचा प्राणी घेतला असता. १९७१ मध्ये टेक्सासमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला त्याची हाडं सापडली, पंख १० मीटरच्या पुढे, वजनाचे आजचे अंदाज २०० ते २५० किलो. एवढं जनावर उठत कसं असेल यावर खूप वाद झाले. पक्षी उडी मारतो ती फक्त पायांनी, पंख तेव्हा वर, म्हणजे ज्या छातीच्या स्नायूंत सगळी ताकद आहे ते उडीच्या वेळी कामाला येत नाहीत आणि पाय मात्र उडताना नुसतं ओझं. मायकेल हबीबने २००८ मध्ये मांडलं की टेरोसॉर चारही पायांवर चालायचे, पुढचे पाय म्हणजेच पंख, आणि उडी मारायचे तीही त्या पुढच्या पायांच्या जोरावर. रक्तपिपासू वटवाघूळ आजही जमिनीवरून असंच उडतं. सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीने मला हे फार पटतं, एकाच मोटरने टेकऑफही आणि उड्डाणही. सपाट जमिनीवरून माणूस घेऊन उठणारा प्राणी लिहायचाच असेल तर त्याला अशी रचना द्या. फक्त त्या उडीचा झटका पाठीवरच्या माणसाला जबरदस्त बसेल, हनुवटी छातीला टेकवून, आडवं पडून, घट्ट बांधलेली असेल तरच मुलगी वाचेल.

ड्रॅगन आणि घोड्याचं लवकर आटपतो. चार पाय अधिक दोन पंख म्हणजे सहा अवयव, पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्यात हे नाही, पक्षी असो वटवाघूळ असो टेरोसॉर असो, प्रत्येकाने पुढचे पाय देऊनच पंख घेतले. घोड्याच्या छातीला तर उडायचे स्नायू धरायला पक्ष्यासारखं नांगराच्या फाळासारखं उभं हाडच नसतं. आणि ४५० किलोचा घोडा अधिक मुलगी, साडेअकराच्याच लोडिंगने ४४ चौरस मीटर पंख लागतो, माझ्या टॅन्डम विंगपेक्षा मोठा, टोकापासून टोकापर्यंत १६ मीटर तरी. मिटून ठेवणार कुठे? विष्णूच्या गरुडाचं मी यात काही आणत नाही, तो हत्ती आणि कासव एकदम घेऊन उडाला होता, तिथे श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती तिथेच शोभते. तुमची कथा मात्र तुम्हीच म्हणताय की जादू नसलेल्या जगातली आहे.

आता बसवायचं कुठे. इथे जरा वेळ काढून वाचा कारण चित्रांत हे सगळीकडे चुकलेलं दिसतं. मानेवर अजिबात नाही. १५० किलोच्या प्राण्याच्या तोलबिंदूपासून ५५ किलो १ मीटर पुढे ठेवले तर एकूण तोलबिंदू २७ सेंटिमीटर पुढे सरकतो. पंखाची रुंदी १.८ मीटर धरली तर हे १५ टक्के झाले, छोट्या विमानात पुढे-मागे मिळून परवानगीच साधारण एवढी असते. प्राणी पंख पुढे ओढून थोडं सावरेल पण सारखं सावरण्यातच दमेल. जागा एकच, दोन खांद्यांच्या मधोमध, तोलबिंदूच्या वर. खरं म्हणजे खाली लटकणं त्याहून बरं, हँगग्लायडरचा पायलट खालीच लटकतो आणि नुसतं अंग सरकवून वळतो, गरुडही भक्ष्य खालीच धरतो, आणि मासे खाणारा ऑस्प्रे तर पकडलेला मासा फिरवून त्याचं तोंड पुढे करतो म्हणजे हवा कमी अडते. पण खाली लटकवली तर टेकऑफ-लँडिंगला मुलगी पायांत येणार, म्हणून पाठ.

आणि पाठीवर घोड्यासारखं ताठ बसायचं नाही. ताठ बसलेल्या माणसाला ताशी ५० च्या वाऱ्यात साधारण ५४ न्यूटनचा रेटा बसतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या प्राण्याला हवेचा एकूण अडथळाच १३५ न्यूटन आहे, म्हणजे एक माणूस ताठ बसला की ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो ते) १५ वरून थेट ११ च्या खाली. आडवी झोपली, डोकं खाली, पाय मागे, तर १२-१३ मिळेल. आमच्याकडे लांब पल्ल्याचे पायलट पाय झाकणारं पॉड हार्नेस घालून आडवे होतात ते याचसाठी.

खोगीर बांधायचं कसं हे कोणीच विचारत नाही आणि तिथेच प्राणी मरेल. पक्ष्यांना आपल्यासारखं छाती-पोटातलं डायफ्रॅम नसतं, छातीचं हाड खाली-वर हलतं तेव्हाच श्वास चालतो, म्हणून पक्षी हाताळणाऱ्यांना पहिली शिकवण हीच असते की छातीभोवती घट्ट धरू नका, गुदमरून जातो. घोड्यासारखा पट्टा छातीवरून आवळला की तुमचा गरुड दोन मिनिटांत खाली. बांधायचं ते मानेच्या मुळाशी सैल आणि मागे कमरेच्या हाडाशी घट्ट, तिथे पक्ष्यांचे मणके एकत्र जुळून एक कडक तुकडा झालेला असतो, भार घ्यायला ती जागा उत्तम. पंखांच्या मुळाशी काहीही नको, तिथे प्रत्येक फटक्याला सगळं हलतं. फटक्यागणिक पाठही वर-खाली होणार, मुलीचं पोट ढवळणार, पहिल्या उड्डाणात ती ओकली तरी ते अगदी खरं वाटेल, आमच्या टॅन्डमवर थर्मलमध्ये हे नेहमीचं आहे.

ओझ्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. पक्ष्यांना जीपीएस टॅग लावणारे अभ्यासक टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवतात, फार तर ५. नागालँडच्या अमूर ससाण्यांना लावलेले टॅग ५ ग्रॅमचे होते. यातले ५ टक्के तुमच्या मुलीला लावले तरी पक्षी ११०० किलोचा हवा. पण तो नियम महिनोन्‌महिने अंगावर राहणाऱ्या ओझ्यासाठी आहे, एका रात्रीसाठी नाही. घोड्यावर त्याच्या वजनाच्या २० टक्के बसवतात, त्या हिशोबाने २७५ किलो, म्हणजे क्वेट्झलकोॲटलसच्या आसपास. माझा दीडशेचा प्राणी ३७ टक्के उचलतोय, तो रोजची सवारी नाही देणार. एकदा, जिवावर उदार होऊन, आणि नंतर कितीतरी दिवस विश्रांती. कथेला हे चांगलंच आहे. आणि त्या दिवशी त्याला पोटभर खाऊ घालू नका, गिधाडं फार खाल्ली की त्यांना उठताच येत नाही, हुसकलं तर आधी ओकून टाकतात आणि मग उडतात. आमच्या आधीच्या पिढीतले लोक सह्याद्रीत डोक्यावर गिधाडांचे थवे फिरताना बघायचे, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती नव्वदच्या दशकात इतकी झपाट्याने संपवली की आता एखादं दिसलं तरी मी रेडिओवर सगळ्यांना सांगतो.

आता तुमचा राजगड-तोरणा प्रसंग. दोन्ही किल्ले १४०० मीटरच्या आसपास, हवाई अंतर साधारण ७ किलोमीटर, आणि तुम्ही वेळ घेतलीय रात्रीची. रात्री थर्मल नाही, म्हणजे चढण नाही, फक्त ग्लाइड. १२ चा रेशो धरला तर ७ किलोमीटरला जवळपास ६०० मीटर उंची जाणार, म्हणजे तोरण्याच्या माथ्यावर नाही तर खाली ८०० मीटरच्या आसपास, पायथ्याच्या सोंडांवर. शेवटी जोर लावून पंख मारले तर शंभर-दीडशे मीटर वाचतील, माथा तरी नाहीच. आणि तोरणा राजगडाच्या पश्चिमेला, पश्चिमेचा २५ चा वारा असेल तर टेकऑफ मस्त होईल पण पुढे तोच वारा तोंडावर, ५० च्या वेगातून जमिनीवर २५ च उरतील, ग्लाइड निम्मा आणि ती मधल्या दरीतच उतरेल.

त्यामुळे दोन मार्ग आहेत. रात्रच हवी असेल तर हिवाळ्यातली घ्या, वारा पडलेली किंवा पूर्वेकडून अगदी हलका. सदरेच्या अंगणातून न उडवता संजीवनी माचीच्या टोकावरून सोडा, ती पश्चिमेला तोरण्याच्या दिशेनेच गेलीय. वारा नसल्याने प्राण्याला कड्यावरून आधी ४०-५० मीटर सरळ खाली पडून वेग घ्यावा लागेल, हे नक्की लिहा, त्या तीन-चार सेकंदांत मुलीला वाटेल की संपलं. मग वेल्ह्याच्या बाजूला एखाद्या शेतात उतरवा आणि गडावर ती पहाटे पायी चढू दे. किंवा दिवस घ्या, मार्चमधली दुपार, बालेकिल्ल्याच्या कातळावर तापलेल्या हवेत गोल गोल फिरत ८००-९०० मीटर वर, वारा १० च्या आत, आणि मग सरळ तोरणा, पोचताना हातात थोडी उंची शिल्लक. मात्र दिवसा खालचे सगळे तिला बघतील आणि थर्मल घेताना ती दहा-पंधरा मिनिटं राजगडाच्याच डोक्यावर फिरत असेल, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.